परवाना कोणाचा? नोकराचा कीं धन्याचा?

कुवेतच्या सरकारनें १ जुलै २०२५ पासून एक नियम अंमलांत आणला. खासगी धंद्यांत नोकरीस असलेल्या परदेशी मनुष्यास कुवेतबाहेर जावयाचें असल्यास त्यानें आधीं आपल्या धन्याची संमति मिळविली पाहिजे, असा त्या नियमाचा आशय आहे. अर्ज संगणकावरून करतां येतो आणि संमतिही संगणकावरूनच मिळते. त्यामुळें वरवर पाहणारास ही व्यवस्था मोठी सुटसुटीत वाटते. परंतु सुटसुटीतपणा हा न्यायाचा पुरावा नव्हे. कोंकणांतील एखाद्या खेड्यांत कोणाची आई अंथरुणास खिळली, कोणाच्या घरीं मयत झाली, तरी तिकडे राबणाऱ्या मुलानें मायदेशीं यावें कीं येऊं नये, याचा पहिला निकाल तो मुलगाही देत नाहीं आणि न्यायाधीशही देत नाहीं. ज्याच्या पदरीं तो चाकरी करतो तो धनी देतो! ज्यांचा कोणी आप्त आखातांत नाहीं अशा वाचकांस ही दूरदेशची बातमी वाटेल. ती दूरची नाहीं, आणि तिच्यांतील दोष केवळ परक्यांचाही नाहीं, हें दाखविण्यासाठीं आज आम्ही लेखणी हातीं घेतली आहे.

सौदी अरबस्तान, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान व बहारीन या सहा राज्यांत मिळून सुमारें नव्वद लाख भारतीय राहतात. २०२३-२४ या सालांत परदेशस्थ भारतीयांनीं मायदेशीं धाडलेली रक्कम सुमारें ११,८७० कोटी डॉलर भरली. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणें त्यांपैकीं शेंकडा ३८ च्या आसपास रक्कम या सहा राज्यांतून आली. आणि राज्यवार वांटणींत महाराष्ट्राचा वांटा सर्वांत मोठा, म्हणजे शेंकडा वीसांहून अधिक ठरला. दापोली, मंडणगड, खेड, श्रीवर्धन, म्हसळा येथील बाजारपेठांतून ज्यांचें दुकान आहे त्यांस या आंकड्यांची गरज नाहीं. आखातांतून हुंडी यावयास एक महिना उशीर झाला तर सिमेंट, कापड आणि किराणा यांची उधारी किती तुंबते, हें ते आमच्यापेक्षां अधिक जाणतात. हा संबंध कालपरवांचाही नव्हे. १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांपर्यंत त्या किनाऱ्यावर आपला रुपयाच चालत असे. त्यासाठीं १९५९ सालीं रिझर्व्ह बँकेनें निराळ्या नोटाही काढल्या होत्या. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, तिकडे इमारती उठूं लागल्या, आणि ज्या किनाऱ्यावर पूर्वीं आपला रुपया जात होता तेथें आपला मनुष्य जाऊं लागला. रुपयास परतण्याकरितां कोणाची संमति लागत नव्हती. मनुष्यास लागते.

प्रथम प्रतिपक्षाची बाजू मांडूं; कारण ज्या वकिलास प्रतिपक्षाचें म्हणणें नीट सांगतां येत नाहीं त्यास स्वपक्षाचेंही सांगतां येत नाहीं. कोणत्याही स्वतंत्र राष्ट्रास आपल्या सीमेच्या आंत कोणास घ्यावें, किती दिवस ठेवावें आणि कोणत्या कामावर ठेवावें, हें ठरविण्याचा हक्क आहे. तो आम्हांस मान्य आहे. आपल्या देशानेंही परकीयांसंबंधींचा १९४६ चा जुना कायदा बाजूस सारून १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा अंमलांत आणला. आणि आपल्याकडे नोकरीसाठीं येणाऱ्या परदेशी मनुष्याचा व्हिसाही सामान्यतः एका विवक्षित नोकरीशींच बांधलेला असतो. तेव्हां ‘परवाना कां मागतां?’ असें आम्ही कोणासही विचारीत नाहीं.

आमचा प्रश्न निराळा आहे. परवान्याचीं तीन अंगें आहेत: येण्याची मुभा, राहण्याची मुभा आणि जाण्याची मुभा. पहिली मुभा देणें न देणें हें राष्ट्राच्या मर्जीवर आहे. मनुष्यास एकदां आंत घेतल्यावर दुसरी मुभा ठरलेल्या मुदतीपर्यंत त्याची स्वतःची असली पाहिजे. आणि तिसरी तर कोणीं देण्याची वस्तुच नव्हे. १९४८ सालच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या तेराव्या कलमांत प्रत्येक मनुष्यास कोणताही देश सोडून जाण्याचा व स्वदेशीं परतण्याचा हक्क सांगितलेला आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बाराव्या कलमांतही तोच हक्क आहे, आणि त्या कराराशीं कुवेत १९९६ पासून बांधलेलें आहे. आमच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं सतवंतसिंग साहनी यांच्या आणि १९७८ सालीं मनेका गांधी यांच्या प्रकरणांत परदेशगमनाचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमांतील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग ठरविला. आखातांतील ‘कफाला’ पद्धतीवर आमचा मुख्य आक्षेप असा कीं, ज्या तीन मुभांचा निर्णय कायद्यानें, तोही उघडपणें व अपिलास जागा ठेवून व्हावयाचा, त्या तिन्ही मुभा ती पद्धति एका खासगी धन्याच्या मुठींत देते.

‘कफील’ म्हणजे जामीन. परदेशी मनुष्य जामिनाशिवाय आंत येऊं शकत नाहीं; जो त्यास कामावर लावणार तोच त्याचा जामीन; आणि जामिनानें हात काढून घेतला कीं राहण्याचा परवाना संपला, असें या पद्धतीचें मूळ रूप आहे. त्या परवान्यास सौदी अरबस्तानांत ‘इकामा’ म्हणतात, आणि कोंकणच्या खेड्यापाड्यांतही तो शब्द आतां रेशनकार्डाइतकाच परिचयाचा झाला आहे. ही पद्धति अरबांच्या प्राचीन आतिथ्यधर्मांतून उपजली असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. परंतु बहारीनमध्यें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मोत्यांच्या धंद्यावरील परदेशी पाणबुड्यांस आवरण्यासाठीं इंग्रज अंमलदारांनीं धन्यांस त्यांचे जामीन ठरविलें, आणि तेथें आजच्या पद्धतीची घडी बसली, असें इतिहाससंशोधकांनीं दाखविलें आहे. तेव्हां या रोपट्यास वाढविलें कोणींही असो, त्यास पाणी घालणारा पहिला हात आमच्या पूर्वपरिचयाचा आहे.

ही व्यवस्था प्रत्यक्षांत कशी चालते, हें एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट करूं. समजा, खेड तालुक्यांतील एक सुतार दलालास दीड लाख रुपये देऊन सौदी अरबस्तानांत गेला. दीड लाखांपैकीं एक लाख त्यानें व्याजानें काढले. परवान्याचा खर्च तेथील कायद्याप्रमाणें धन्यानें सोसावयाचा आहे आणि परवान्याचें नूतनीकरणही धन्यानेंच करावयाचें आहे. वर्ष संपलें, धन्याचा धंदा बसला, किंवा त्यानें आळस केला, आणि परवाना नवा झाला नाहीं. कसूर कोणाची? धन्याची. रस्त्यांत पोलिसांनीं अडविलें तर गुन्हेगार कोण? सुतार! आतां हाच सुतार चार महिन्यांचा पगार थकल्यामुळें काम सोडून दुसरीकडे गेला असें समजा. धन्यानें संगणकावर त्याच्या नांवापुढें ‘फरारी’ असा शेरा मारला, ज्यास तिकडे ‘हुरूब’ म्हणतात, कीं त्याची पगाराची फिर्याद बाजूस राहते आणि प्रथम त्यास आपण फरारी नाहीं हें सिद्ध करावें लागतें. अशा मनुष्यास दुसरा धनी शोधण्यास किंवा देश सोडण्यास मुदत देण्याची रीति अलीकडे पडूं लागली आहे, हें आम्ही मान्य करतों. परंतु वादी आणि प्रतिवादी यांच्या वादांत प्रतिवादीच्या एका शेऱ्यानें वादीचें राहणेंच बेकायदेशीर होतें, अशा कचेरींत कोणता वादी दाद मागावयास जाईल?

याच ठिकाणीं ही पद्धति साध्या नोकरीच्या कराराहून निराळी होते. नोकरानें मुदतीपूर्वीं काम सोडलें तर करारभंग होतो, आणि करारभंगाचा उपाय नुकसानभरपाई हा आहे. अटक हा नव्हे. हें तत्त्व आम्हांस फुकट मिळालेलें नाहीं. इंग्रजी अमदानींत १८५९ सालीं कामकऱ्यांच्या करारभंगाचा कायदा झाला होता. आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्या मजुरास त्या कायद्यानें तुरुंगांत घालतां येत असे. तो रद्द होण्यास १९२५ साल उजाडावें लागलें. जी गोष्ट आम्ही आमच्या भूमीवरून शंभर वर्षांपूर्वीं हांकून लावली, तीच आमच्या लोकांना परदेशीं परवान्याच्या वेषांत पुन्हां भेटत आहे.

गिरमिटाचा इतिहास आठवावयाचा तो याच कारणासाठीं. १८३४ सालीं मॉरिशसकडे गिरमिटी मजूर जाऊं लागले. पुढें नाताळ, फिजी, त्रिनिदाद, गियाना इकडेही त्यांचीं गलबतें गेलीं. पांच वर्षांचा करार, एकच धनी, चिठ्ठीशिवाय मळ्याबाहेर पाऊल टाकल्यास शिक्षा, असा तो प्रकार होता. नाताळांत तर करार संपल्यावर जो परतही गेला नाहीं आणि पुन्हां गिरमिटांतही शिरला नाहीं, त्याच्यावर १८९५ च्या कायद्यानें सालिना तीन पौंडांचा कर बसविला. म्हणजे मजूर म्हणून राहा, नाहींतर राहण्याचा दंड भर! गुहागर तालुक्यांतील कोतळूक गांवीं जन्मलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं फेब्रुवारी १९१० मध्यें वरिष्ठ कायदेकौन्सिलांत नाताळकडील मजूरभरती थांबविण्याचा ठराव आणला, आणि १ जुलै १९११ पासून ती भरती बंद झाली. मार्च १९१२ मध्यें त्यांनीं सर्वच गिरमिट बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारनें तो फेटाळून लावला. त्याच वर्षीं ते दक्षिण आफ्रिकेंत जाऊन तेथील हिंदी लोकांची स्थिति डोळ्यांनीं पाहून आले. १९१४ सालीं तीन पौंडांचा कर उठला, आणि १९१७ सालीं, म्हणजे गोखले निवर्तल्यावर दोन वर्षांनीं, गिरमिटी भरती थांबली. ज्या रत्नागिरी जिल्ह्यानें गिरमिटावर घाव घालणारा हा पुरुष दिला, त्याच जिल्ह्यांतील तरुण आज इकाम्याची मुदत मोजीत बसतात, हा दैवाचा खेळ नव्हे. आमच्या दुर्लक्षाचा परिणाम आहे.

गिरमिट आणि कफाला हीं अगदीं एकच आहेत, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. आखातांतील मनुष्य पगार घरीं पाठवितो, दर दोनतीन वर्षांनीं घरीं येतो, पुष्कळदां पुन्हां स्वेच्छेनें जातो. त्याच्या पैशांतून घरें उभीं राहिलीं, मुली शिकल्या. नोकराचा पासपोर्ट धन्यानें ठेवून घेणें हेंही त्या बहुतेक राज्यांच्या कायद्यानें निषिद्ध आहे, मग प्रत्यक्षांत तो कपाटांत कोणाच्या असो. परंतु दोहोंचा सांगाडा एक आहे: उपजीविका, निवारा आणि राहण्याचा हक्क या तिन्ही दोऱ्या एकाच खुंटीस बांधलेल्या आहेत. १२ जून २०२४ रोजीं कुवेतमधील मंगाफ येथें मजुरांच्या वसतिगृहास आग लागून चाळीसांहून अधिक भारतीय प्राणांस मुकले. अशा ठिकाणीं मनुष्य राहतो तो त्यास तें आवडतें म्हणून नव्हे. जेथें धनी ठेवील तेथें राहणें त्यास भाग असतें म्हणून.

‘तो स्वखुषीनें गेला, मग तक्रार कां?’ हा प्रश्न आमच्या व्यापारी मित्रांपैकींही कांहीं विचारतात. त्यांस आमचा उलट प्रश्न आहे. दुकानाची जागा भाड्यानें घेतांना आपण स्वखुषीनेंच सही करतां. म्हणून भाडें वेळेवर भरूनही घरमालकानें वाटेल तेव्हां बाहेरून कुलूप लावावें, ही अट आपण मान्य कराल काय? संमतीनें करार होतो; परंतु संमतीनें मनुष्य आपलें पाऊल गहाण टाकूं शकत नाहीं, हें कायद्याचें जुनें तत्त्व आहे. शिवाय कोणती संमति? येथें एका पगाराचा कागद दाखवावयाचा, तिकडे उतरल्यावर अरबी भाषेंतील दुसऱ्याच कागदावर सही घ्यावयाची, असे प्रकार होत आले आहेत. जो कागद वाचतां येत नाहीं त्यावरील सही ही संमति नव्हे. ती लाचारीची निशाणी आहे. दुसरा युक्तिवाद असा कीं, धन्यानें नोकर आणण्यास खर्च केलेला असतो, तो त्यानें कसा भरून काढावा? उत्तर सोपें आहे: कराराची वाजवी मुदत ठेवावी, ती मोडल्यास हिशेबानें भरपाई मागावी. खर्च वसूल करण्यासाठीं मनुष्य अडकवून ठेवण्याची जरूर नसते.

आणि हें होऊं शकतें, याचा दाखला आखातानेंच दिला आहे. कतारनें २०१८ सालीं बहुतेक कामकऱ्यांस देश सोडण्यासाठीं लागणारी धन्याची परवानगी काढून टाकली, २०२० च्या आरंभीं घरकामगारांसही ती सवलत दिली, त्याच वर्षीं नोकरी बदलण्यास लागणारा धन्याचा ‘नाहरकत’ दाखला रद्द केला, आणि मार्च २०२१ पासून किमान वेतन एक हजार रियाल ठरविलें. ओमाननें १ जानेवारी २०२१ पासून कराराअंतीं लागणारा नाहरकत दाखला उठविला. सौदी अरबस्ताननें मार्च २०२१ मध्यें खासगी धंद्यांतील नोकरांस बाहेर जाण्याची व धनी बदलण्याची बरीच मोकळीक दिली. परंतु घरकामगार, खासगी वाहनचालक, माळी व मेंढपाळ यांस त्या सुधारणेंतून वगळलें. जो सर्वांत एकटा, ज्याचा धनीच घरचा राजा, तोच वगळला जावा, हा या सुधारणांतील मोठा उणेपणा आहे. आकाश कोसळलें नाहीं, धंदे बसले नाहींत, तेलही आटलें नाहीं. मग कुवेतनें २०२५ सालीं मागें पाऊल कां टाकावें?

दुसरा दाखला याहूनही बोलका आहे. सौदी अरबस्ताननें २०१९ सालीं असा परवाना काढला कीं, आठ लाख रियाल भरणाऱ्या पात्र परदेशी मनुष्यास कोणाच्याही जामिनाशिवाय कायम राहतां यावें. अमिरातींनींही त्याच वर्षीं दीर्घ मुदतीचा ‘सुवर्ण’ परवाना काढला, आणि पुढें वीस लाख दिरहमांची स्थावर मिळकत घेणारास तो दहा वर्षांचा मिळूं लागला. गुणवान डॉक्टर, शास्त्रज्ञ वगैरेंसही तो मिळतो, हें योग्यच आहे. परंतु यावरून एक गोष्ट सिद्ध झाली. परदेशी मनुष्य जामिनाशिवाय राहिला तर राज्यास धोका आहे, हें म्हणणें खरें नव्हे. धोका श्रीमंतापासून नाहीं आणि गवंड्यापासून आहे, असें मानावयाचें असेल तर तो धोका राज्याचा नसून गवंड्याच्या धन्याच्या खिशाचा आहे.

एवढें परक्यांविषयीं झालें. आतां आरसा आपल्याकडे फिरवूं. ज्यांची शाळा दहावीच्या आंत सुटली त्यांनीं अठरा विवक्षित देशांत नोकरीस जाण्यापूर्वीं सरकारी तपासणींतून गेलें पाहिजे, आणि त्यांस पाठविणाऱ्या दलालाजवळ नोंदणीचा दाखला पाहिजे, अशी व्यवस्था १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानें केली. हेतु चांगला होता. परंतु शिक्षेचें कलम पाहा: कैद दोन वर्षांपर्यंत, आणि दंड दोन हजार रुपयांपर्यंत! सुताराकडून दीड लाख उकळणाऱ्या दलालास दोन हजारांची भीति कोणती? शिवाय खटला भरण्यास मध्यवर्ती सरकारची पूर्वसंमति हवी, असेंही त्यांत आहे. फसलेल्या मनुष्यानें किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकांनीं स्वतः फिर्याद केली तरच ती अट सुटते. परंतु फसलेला मनुष्य असतो रियाधच्या वसतिगृहांत आणि त्याची वृद्ध आई असते मंडणगडास. फिर्याद करावी कोणीं?

स्त्रियांच्या बाबतींत तर आमच्या नियमांत संरक्षणाच्या नांवाखालीं जुनाच अविश्वास लपलेला आहे. तपासणी लागू असलेल्या स्त्रीचें वय तीस वर्षांचें झाल्याशिवाय तिला नोकरीसाठीं त्या देशांत जाण्याची परवानगी नाहीं. परिणाम काय होतो? जिला पोटासाठीं जाणें भागच आहे ती पाहुणी म्हणून, फिरावयास जाण्याच्या परवान्यावर जाते. तेथें उतरतांच ती बेकायदेशीर नोकर होते, तिचें नांव सरकारच्या वहींत नसतें, आणि संकटसमयीं दूतावासासही तिचा पत्ता ठाऊक नसतो. दार बंद केल्यानें जाणें थांबत नाहीं. केवळ खिडकींतून जावें लागतें, आणि खिडकींतून उडी टाकणाराचे पाय मोडतात. वयाची भिंत पाडून त्या जागीं कराराची हमी उभी करणें, हेंच खरें संरक्षण होय.

१९८३ चा कायदा बदलण्याकरितां २०१९ सालीं मसुदा निघाला, २०२१ सालीं निघाला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरांत पुन्हां एक मसुदा लोकांच्या अभिप्रायासाठीं प्रसिद्ध झाला. या शेवटच्या मसुद्याच्या नांवांत ‘सोय’ व ‘कल्याण’ हे दोन शब्द आहेत. ‘हक्क’ हा नाहीं. वकिलाच्या दृष्टीनें हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. कल्याण सरकारच्या इच्छेवर अवलंबून असतें. हक्क मागतां येतो आणि न मिळाल्यास न्यायालयाची पायरी चढतां येते. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांसंबंधीं संयुक्त राष्ट्रांनीं १९९० सालीं केलेला करार आखाती राज्यांनीं स्वीकारलेला नाहीं, हें खरें. पण तो भारतानेंही स्वीकारलेला नाहीं. ज्या कागदावर आपण सही करीत नाहीं त्या कागदाचा आधार घेऊन दुसऱ्यास उपदेश कोणत्या तोंडानें करावयाचा?

याहून कडू गोष्ट सांगणें प्राप्त आहे. बीडकडून पश्चिम महाराष्ट्रांतील साखर कारखान्यांकडे दर हंगामांत नवराबायकोंचे ‘कोयते’ निघतात. मुकादमानें दिलेली उचल फिटेपर्यंत त्यांनीं फड सोडावयाचा नाहीं, मुलांची शाळा बुडाली तरी बुडो, बाई आजारी पडली तरी दिवसाचा खाडा मांडावयाचा, ही पद्धति आमच्याच राज्यांत, आमच्याच भाषेंत, आमच्या डोळ्यांदेखत चालते. त्यांच्यापाशीं परवाना नाहीं, पासपोर्ट नाहीं. परंतु उचलीचा आंकडा हाच त्यांचा इकामा, आणि मुकादम हाच त्यांचा कफील! कुवेतच्या धन्याविरुद्ध आवाज उठवितांना आमच्या शब्दांस वजन यावें असें वाटत असेल, तर फडावरील धन्याविषयींही आमची जीभ अडखळतां कामा नये. परदेशांतील अन्यायावर रागावणें स्वस्त असतें. घरांतील अन्यायावर रागावण्यास किंमत द्यावी लागते. ही किंमत न देणाऱ्या राष्ट्राचा स्वाभिमान दुबळा असतो.

आमच्या मागण्या थोड्या व स्पष्ट आहेत. आखाती राज्यांशीं होणाऱ्या प्रत्येक व्यापारी व कामगारविषयक करारांत तीन अटी असाव्या: देश सोडण्यास धन्याची संमति नको; परवान्याचें नूतनीकरण धन्याच्या कसुरीनें राहिलें तर दंड धन्यास, नोकरास नव्हे; आणि पगाराची फिर्याद चालू असेपर्यंत फिर्यादीस राहण्याचा व दुसरें काम करण्याचा तात्पुरता परवाना. आपल्या कायद्यांत दलालाचा दंड त्यानें घेतलेल्या रकमेच्या पटींत बसवावा, पूर्वसंमतीची अट काढावी, आणि नोकरीचा करार नोकराच्या भाषेंत लिहून त्याची एक प्रत त्याच्या घरीं ठेवण्याची सक्ती करावी.

सरकार करील तेव्हां करील. नगरांतील सुशिक्षितांनीं व व्यापाऱ्यांनीं आज करण्याजोगेंही पुष्कळ आहे. नोंदलेल्या दलालांचीं नांवें सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ या स्थळावर पाहतां येतात. दलालानें घ्यावयाची फी नियमाप्रमाणें तीस हजार रुपये व त्यावरील कर यांहून अधिक असतां कामा नये. तपासणींतून जाणाऱ्यास दोन वर्षांकरितां २७५ रुपयांत दहा लाखांचा विमा मिळतो. परदेशांतील तक्रार ‘मदद’ या सरकारी व्यवस्थेंत नोंदवितां येते. या चार गोष्टी ज्यास ठाऊक आहेत तो सहसा फसत नाहीं. आणि त्या सांगण्यास पदवी लागत नाहीं. आठवड्यांतून एक संध्याकाळ प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयांत एका वकिलानें व एका आखातांतून परतलेल्या मनुष्यानें बसावें, जाणाऱ्याचे कागद वाचून द्यावे, त्यांच्या प्रती जपून ठेवाव्या. आणि जे सावकारी करतात त्यांनीं दलालासाठीं कर्ज काढावयास आलेल्या तरुणास व्याजाचा दर सांगण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: ‘तुझा दलाल नोंदलेला आहे काय, आणि करार तूं वाचलास काय?’ या दोन प्रश्नांनीं त्यांच्या व्यापाराचें नुकसान होणार नाहीं. उलट फसून रिकाम्या हातांनीं परतलेल्या ऋणकोपेक्षां सुखरूप असलेला ऋणको त्यांस केव्हांही बरा.

गोखल्यांचा ठराव १९१२ सालीं पडला तेव्हां पुष्कळांनीं म्हटलें असेल कीं, मळेवाल्यांच्या बळापुढें चार ठरावांनीं काय होणार? पांच वर्षांत भरती थांबली. लोकमत जागें असेल तर पडलेला ठरावही कामास येतो; आणि तें झोंपलेलें असेल तर मंजूर झालेला कायदाही कपाटांत राहतो. परवाना हा मनुष्याचा असतो. त्याच्या धन्याचा नव्हे. हें एवढें साधें वाक्य कुवेतच्या कचेरींत, दिल्लीच्या मसुद्यांत आणि बीडच्या फडावर सारखेंच खरें ठरेपर्यंत आमची ही तक्रार आम्ही मागें घेणार नाहीं.